नकली बंदुकीवरचा खरा शिक्का घासून काढावा का?

खाडीपल्याड

मंडळी, नमस्कार. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही दहा-बारा जण मिळून शाळेच्या जुन्या खोलीत एक छोटं दालन लावतोय. गलबताची प्रतिकृती, पायली-शेर-मापटी, जुनं घंगाळ, रापणीच्या जाळ्याचा तुकडा, असं घराघरांतून गोळा केलेलं सामान आहे. एका भिंतीवर विजयदुर्गाची १७५६ ची लढाई मांडलीय. तिथे ठेवायला कंपनी सरकारच्या शिपायाची चकमकीची बंदूक हवी होती. खरी मिळणं शक्य नाही, म्हणून उत्तरेतल्या एका कारखान्यातून प्रतिकृती मागवली. कान, म्हणजे दारूपर्यंत ठिणगी पोचायचं भोक, पाडलेला नाही, म्हणजे बार उडणार नाही.

वस्तू देखणी आहे. चकमकीच्या पट्टीवर मुकुट, कंपनीची बदामाच्या आकाराची खूण आणि १८१५ असा आकडा आहे. पण नळीच्या डाव्या अंगाला, मागच्या टोकाशी, रोमन लिपीत ठसठशीत ‘मेड इन इंडिया’ आणि खाली पाच आकडी नंबर. काचेच्या पेटीत ठेवली की पहिली नजर तिथेच जाते. सुतारकाका म्हणतात, कानस द्या, दहा मिनिटांत साफ करतो. आमच्यात दोन तट पडलेत आणि येत्या रविवारी ठरवायचंय. घासावं की राहू द्यावं? कायद्याची काही अडचण आहे का?

नारळीपोफळी

घासू नका. कारण सांगायला रात्री येते, आत्ता पाहुणे आहेत.

पालखीचा भोई

मी घासण्याच्या बाजूने आहे आणि मनापासून सांगतो. मी गावच्या शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवला. मुलाला पुस्तकातली लढाई दिसत नाही, वस्तू दिसते. बंदुकीचं वजन, लांबी, घोड्याच्या जबड्यात धरलेली गार बघितली की त्याच्या डोळ्यांपुढे तो शिपाई उभा राहतो. तेवढ्यात ‘मेड इन इंडिया’ वाचलं की सगळं उतरतं, मग त्याला ते जत्रेतलं खेळणं वाटतं. खाली पाटी लावा ना, ‘प्रतिकृती’ म्हणून स्पष्ट लिहा. फसवणूक कुणाचीच नाही. पण वस्तूच्या अंगावर कारखान्याचा शिक्का कशाला?

कोर्टकचेरी

खाडीपल्याड, कानस खाली ठेवा आणि आधी हे वाचा.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ८. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची कुठलीही खूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा खोटी उठवणं याला बंदी आहे. याच कलमाचा पुढचा भाग जास्त कडक आहे. खूण पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली असं कायदा गृहीत धरतो. आपण नाही पुसली हे त्याने सिद्ध करायचं.

तुम्ही म्हणाल आमची तर शोभेची. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण शब्द नीट बघा: जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही. ‘दुरुस्त करून’ हे दोन शब्द महत्त्वाचे. कान पाडलेला नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका, नळी आतून कायमची बंद आहे का ते कारखान्याकडून लेखी घ्या. खरेदीची पावती, तो नंबर आणि चारी बाजूंचे फोटो जोडून पोलीस ठाण्यात एक अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या अर्जात तुमच्या बाजूने बोलणारी सगळ्यात मोठी गोष्ट तोच नंबर असेल.

आंबेवाडी

नंबराची किंमत ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती त्यांना विचारा. आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाचा परवाना होता. डुकरं भाताचं आवण नासायची, माकडं नारळाचे कोवळे बोंडे खाली टाकायची. बार बहुतेक वेळा हवेतच निघायचा, पण बंदूक असावी लागायची.

निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. मी लहानपणी आजोबांबरोबर सायकलवर मागे बसून गेलोय, बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. हवालदार खिशातून पांढरा खडू काढायचे आणि नळीवर नंबर होता तिथे आडवा घासायचे. मग अंगठ्याने वरचा खडू पुसायचे. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळ्या पडलेल्या लोखंडावर आकडे पांढरेशुभ्र उठून यायचे. ते मोठ्याने वाचायचे, आजोबा परवान्याच्या वहीतला आकडा वाचायचे, दोन्ही जुळले की दोघेही मान हलवायचे. एका वर्षी गंजामुळे तीन आहे की आठ हे कळेना, तर आजोबा अर्धा दिवस ठाण्याच्या बाकावर बसून होते. घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते त्या आकड्यांना तेल लावण्याचं. बाकी नळी दुसऱ्या दिवशी पुसली.

म्हणून नंबर घासायचा विचारही मला सोसत नाही.

बावकाठचो

आमच्याकडे पण तसाच होता रे. आजोबा गेल्यावर बापाशीन ती ठाण्यात जमा केल्यान. खडूची आठवण वाचून डोळ्यांत पाणी इला.

दर्यावर्दी

मी जहाजावर असताना इटलीतल्या या नकलांबद्दल बरंच ऐकलं-पाहिलं, म्हणून लिहितो.

जुन्या बंदुकांच्या नकला बनवण्यात ब्रेशिया शहराजवळचं गार्दोने वाल त्रोम्पिया हे गाव जगात पुढे आहे. पेदेरसोली, उबेर्ती, पिएत्ता हे कारखाने त्याच मुलखातले. अमेरिकन यादवी युद्धाच्या शताब्दीच्या आसपास, १९५० च्या दशकाअखेरीपासून, तिकडच्या हौशी लोकांसाठी हे काम वाढलं. या बंदुका बार उडवणाऱ्या असतात, त्यामुळे प्रत्येक नळी सरकारी चाचणीघरात जाते. तिथे जास्त दारू भरून बार काढतात आणि नळी टिकली तरच शिक्का मिळतो. त्यात एक तारा असतो आणि ‘पीएन’ ही अक्षरं असतात, म्हणजे पोल्वेरे नेरा, काळी दारू. शिवाय चौकटीत वर्षाची खूण असते. आधी ती रोमन आकड्यांत असायची, १९७५ पासून अक्षरांत आली. एए म्हणजे १९७५, एबी म्हणजे १९७६, असं पुढे. कितीही जुनी दिसणारी बंदूक हातात घ्या, ती चौकट सापडली की तिचं जन्मवर्ष कळतं.

आणि इंग्रजीत ‘फक्त काळी दारू’ अशी सूचना नळीवर कोरलेली असते. ती शोभा घालवते हे खरं. पण कुणी आधुनिक दारू भरली तर नळी फुटून माणसाचा हात जातो. तिकडचे काही हौशी लोक ही अक्षरं घासून ‘जुनी’ करतात. आज ज्याने घासली त्याला ठाऊक असतं, पण वीस वर्षांनी ती ज्याच्या हातात पडेल त्याला कोण सांगणार?

पालखीचा भोई

दर्यावर्दी, माहिती उत्तम. वकीलसाहेबांचं म्हणणंही पटलं, घासण्याचा हट्ट मी सोडतो. पण निदान शिक्का दिसणार नाही अशा बाजूने तरी ठेवता येईल की नाही? डावं अंग भिंतीकडे करा. मुलांचा अनुभव तरी राहील.

कौलारू

लपवण्यावरून आमच्या घरातली गोष्ट सांगतो. लपलेल्या शिक्क्यानेच आम्हाला बुडवलं.

माझ्या काकांना जुन्या वस्तूंचं वेड. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून (नाव लिहीत नाही) त्यांनी एक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायची बंदूक घेतली. ‘आंग्र्यांच्या आरमारातली, अलिबागच्या एका जुन्या वाड्यातून निघाली’ अशी कथा बरोबर आली होती. निवृत्तीच्या पैशांतले चाळीस हजार गेले. दहा वर्षं ती ओटीवरच्या भिंतीवर होती. गणपतीला येणाऱ्या प्रत्येकाला काका ती खाली काढून दाखवायचे.

मागच्या पावसाळ्यात दस्त्याला बुरशी आली म्हणून मी नळी सोडवली. खालच्या अंगावरून बोट फिरवलं तर एका जागी लोखंड किंचित खोलगट लागलं, अंगठ्याच्या पेराएवढं. बाकी नळी काळी खडबडीत, तेवढीच जागा गुळगुळीत. खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरली तर तिथे अक्षराचा एक उभा दांडा आणि एका आकड्याची अर्धी गोलाई अजून शिल्लक होती. कुणीतरी घासलं होतं आणि पुरतं घासलं नव्हतं. नंतर तोड्याचा चाप धरणारा स्क्रू बघितला, त्याच्या डोक्यावर अधिकच्या (+) चिन्हासारखी खाच होती.

काकांना सांगितलं नाही. ते ब्याऐंशीचे आहेत. बंदूक परत भिंतीवर लावली. पण भोईकाका, शिक्का शाबूत असता तर काका पहिल्याच दिवशी वाचले असते. ज्याने घासला त्याने कदाचित शोभेसाठीच घासला असेल, विकणारा चौथा-पाचवा असेल. म्हणून मला लपवणंही नको वाटतं.

फिटरदादा

कौलारू, अधिकच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला. मराठेशाहीच्या वस्तूवर तो असेल तर एक तर कुणीतरी नंतर बसवलाय, नाहीतर सगळी वस्तूच नंतरची आहे.

मी लोट्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काढली, त्या नजरेने थोडं सांगतो. जुन्या बंदुकीचा प्रत्येक स्क्रू हाताने केलेला असतो आणि आपल्याच भोकात बसतो. दुसऱ्याच्या भोकात घाला, अर्ध्यावर अडेल. म्हणून कारागीर स्क्रूवर आणि भोकाशेजारी कानसीच्या बारीक खुणा करून जोड्या लावायचे. आट्यांचं प्रमाण ठरवण्याची पहिली मोठी खटपट व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराची, १८४१ सालची. त्याआधीच्या बंदुकीचे सगळे स्क्रू आपसांत बदलता येत असतील आणि आटे मिलिमीटरच्या मापात बसत असतील, तर समजून जा.

दुसरं म्हणजे ओतकाम. नकलेचा घोडा, चकमकीची पट्टी हे भाग बहुतेक ओतलेले असतात. आतल्या बाजूला, जिथे पॉलिश करायचा कंटाळा केलेला असतो, तिथे रवाळ कातडी दिसते, कधी साच्याच्या जोडाची रेघही राहते. जुना भाग घणाखाली घडवून कानसलेला असतो. भिंगातून कोरीव अक्षरंही बघा. छिन्नीने कोरलेल्या रेघेचं टोक निमुळतं होतं. ठशाने उठवलेल्या अक्षराच्या कडेला लोखंड किंचित फुगतं. लेझरने काढलेल्या अक्षराचा तळ सगळीकडे सारख्या खोलीचा असतो आणि सुरुवात-शेवट सारखाच. एकदा डोळा बसला की विसरत नाही.

आणि लोहचुंबक लावून बघा. स्पेनमध्ये मेनोर्का बेटावर डेनिक्स म्हणून कारखाना आहे, त्यांच्या शोभेच्या नकलांचे धातूचे बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तिथे चुंबक चिकटत नाही.

सह्याद्रीची सावली

एक शंका. आमच्याकडे एकाने बंदूक दाखवली, तिच्यावर देवनागरी अक्षरं आहेत. मग ती नक्की मराठ्यांचीच ना?

अभ्यासू अलिबागकर

सावलीताई, नक्की म्हणता येत नाही. नेपाळच्या सैन्याच्या जुन्या बंदुकांवर देवनागरीत अक्षरं आणि आकडे असतात. काठमांडूच्या एका जुन्या शस्त्रागारातला प्रचंड साठा २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यात कंपनीच्या चकमकीच्या बंदुकाही होत्या. त्यामुळे देवनागरी अक्षरांच्या अस्सल जुन्या बंदुका जगभर पसरल्यात आणि त्यांचा कोकणाशी काही संबंध नाही. दुसरीकडे, कोऱ्या नकलेवर ‘श्री’ कोरून किंमत वाढवणारेही आहेत. लिपी बघण्याआधी अक्षर कसं उठवलंय ते बघा, फिटरदादांनी सांगितलंय तसं.

खरी, शाबूत कारखान्याची खूण बघायची असेल तर ओहोटी बघून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जा. उत्तरेच्या तटाशी गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर ‘डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड’ असं लिहिलेलं आहे. लो मूरचा हा लोखंडाचा कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला. कान्होजी आंग्रे वारले १७२९ मध्ये. म्हणजे या तोफा कान्होजींच्या नव्हेत, हे सांगायला दुसरा कुठला कागद लागत नाही. तरी तिथे उभं राहून ‘ही कान्होजींची तोफ’ म्हणून मुलांना सांगणारे पालक मी दर सुट्टीत ऐकतो आणि जीव तुटतो. नाव त्यांच्या हाताखाली असतं, फक्त वाचत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे. खाडीपल्याड, तुमच्या पट्टीवर नक्की काय आहे? बदाम आणि १८१५ दोन्ही? फोटो टाका.

खाडीपल्याड

टाकलाय. बदामाचे चार भाग, त्यात व्ही, ई, आय, सी अशी रोमन अक्षरं, वर चारच्या आकड्यासारखी खूण. शेजारी १८१५. नळी मोजली, ३९ इंच.

अभ्यासू अलिबागकर

मग जरा थांबा.

तो बदाम ईस्ट इंडिया कंपनीचा माल ओळखण्याचा शिक्का, गाठोड्यांवर असायचा तोच. व्ही म्हणजे त्या काळच्या पद्धतीने यू, ‘युनायटेड’ मधला. पण बंदुकांवर हा बदाम साधारण १८०८ पर्यंतच. त्यानंतर कंपनीने मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह वापरायला घेतला. १८१५ च्या बंदुकीवर सिंह हवा होता. कारखान्याने एका काळाची खूण आणि दुसऱ्या काळाचा आकडा एकत्र बसवलाय.

३९ इंची नळीचा हा नमुना ब्रिटिश सैन्याने १७९७ मध्ये स्वीकारला. त्याला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात कारण तो आधी कंपनीच्या फौजेसाठी होता. १७५६ मध्ये ब्रिटिश पायदळाच्या बंदुकीची नळी ४६ इंचांची असायची. तुमच्या भिंतीवर विजयदुर्गाची लढाई आहे, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं ती. त्या भिंतीवर ही बंदूक लढाईनंतर ५९ वर्षांचा आकडा घेऊन उभी राहील.

म्हणजे मुकुट, बदाम, १८१५, या तिन्ही खुणा त्या बंदुकीबद्दल खोटं सांगतायत. खरं सांगणारी खूण एकच आहे आणि सुतारकाका नेमकी तीच घासायला निघालेत.

नारळीपोफळी

पाहुणे गेले. मी जे लिहिणार होते ते अलिबागकरांनी माझ्यापेक्षा नेमकं लिहिलं. एक व्यवहारातली गोष्ट जोडते. माझा भाऊ परदेशात असतो. त्याने इथून शोभेची कट्यार न्यायचं ठरवलं तेव्हा कळलं की शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जुनी दिसते पण जुनी नाही, असं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. कट्यारीच्या मुठीखाली कारखान्याचं नाव आणि साल होतं, म्हणून आमचं काम सोपं झालं. त्याच्याबरोबरच्या माणसाने स्वतःच्या तलवारीवरचं नाव हौसेने पुसून घेतलं होतं, तो तीन महिने खेपा घालत होता.

पालखीचा भोई

अलिबागकर, मी बावीस वर्षं इतिहास शिकवला आणि १८१५ चा आकडा १७५६ च्या भिंतीवर मला खटकला नाही. ‘मेड इन इंडिया’ तेवढं खटकलं. आज दिवसभर हेच डोक्यात आहे. खाडीपल्याड, रविवारच्या बैठकीला मी येतो. डावं अंग भिंतीकडे करायचं म्हटलं होतं तेही मागे घेतो. मुलांना ती जागा शोधायला लावू या. त्यांना शोधायला आवडतं, हे मी पक्कं सांगू शकतो.

खाडीपल्याड

मंडळी, रविवारी बैठक झाली, उशिरा लिहितोय.

शिक्का राहणार. अर्ज दिला, पोच मिळाली. ठाण्यातल्या ताईंनी नंबर उतरवून घेतला, आणि आंबेवाडी, त्यांनीही खडूच काढला! कारखान्याचं पत्रही आलं, नळीत मागून पोलादी गुज ठोकून वितळजोड (वेल्डिंग) केलाय असं त्यात लिहिलंय.

बंदूक १७५६ च्या भिंतीवरून काढली. पेशवाई संपून कोकणावर इंग्रजी अंमल आला त्या १८१८ च्या भिंतीकडे नेली. तिथेही बदामाचा घोटाळा राहतोच, तो पाटीवर सांगितलाय. भोईगुरुजींनी पाटी लिहिली: ‘ही प्रतिकृती आहे. हिच्यावर चार खुणा आहेत. त्यांतली एकच खरी. कोणती ते शोधा.’ पेटीत नळीखाली सुतारकाकांनी एक आरसा तिरपा बसवलाय, ‘मेड इन इंडिया’ त्यात उलटं दिसतं. काल सातवीची पोरं आली होती. एका मुलीने पेटीच्या काचेला नाक लावून पाच मिनिटं काढली, मग दप्तरातून कंपासपेटीचा आरशासारखा चकचकीत डबा काढला, उलटं सुलटं करून वाचलं आणि ओरडली.

आता नवा प्रश्न. खोली खाडीपासून दोनशे पावलांवर आहे. पंधरा दिवसांतच पट्टीवर तांबूस ठिपके दिसायला लागलेत. खोबरेल लावू का?

फिटरदादा

खोबरेल अजिबात नको. थंडीत थिजतं, खवट होतं आणि धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल अगदी पातळ पुसा, मग कोरड्या सुती फडक्याने जवळजवळ सगळं काढून घ्या. संग्रहालयांत धातूवर लावतात ते पेट्रोलियमपासूनचं मेण मिळालं तर त्याहून बरं, ते धूळ धरत नाही. उघड्या हाताने लोखंडाला शिवू नका, घामातलं मीठ खाऱ्या वाऱ्याइतकंच वाईट. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. ठिपके सँडपेपरने काढू नका.

आंबेवाडी

आणि आकड्यांच्या खाचांत तेल राहील असं बघा. तिथे गंज पहिला धरतो. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून एकेका आकड्यातून फिरवा, आजोबा तसंच करायचे.